लिम्फोमा बरा झाल्यानंतर दुसऱ्या कर्करोगावर नजर कशी ठेवावी

लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, उपचार संपून पाच वर्षे झाली, की बहुतेक घरांत त्या आजाराची फाइल कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात जाते. डॉक्टरांनी "आता वर्षातून एकदा दाखवा" असे सांगितलेले असते आणि घरचे त्याचा अर्थ "आता नाही आलात तरी चालेल" असा घेतात. जुन्या आजारापुरते पाहिले तर यात फारशी चूक नसते. हॉजकिन लिम्फोमा किंवा वेगाने वाढणारा नॉन-हॉजकिन लिम्फोमा उलटायचाच असेल, तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. परंतु उपचारांमुळे पुढे होऊ शकणारा दुसरा, अगदी निराळा कर्करोग मात्र बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांनंतर, म्हणजे पाठपुरावा थांबल्यावरच, डोके वर काढतो. नेदरलँड्समध्ये १९६५ ते २००० या काळात हॉजकिनचे उपचार घेतलेल्या ३,९०५ जणांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत त्यांच्यात दुसऱ्या कर्करोगाचे प्रमाण ४.६ पट आढळले आणि ही वाढ पस्तीस वर्षांनंतरही टिकून होती.

तो आकडा जुन्या, मोठ्या मात्रांच्या किरणोपचारांचा आहे. आज किरणांची मात्रा कमी असते, त्यांचे क्षेत्रही लहान असते, आणि नॉन-हॉजकिनमधली वाढ हॉजकिनपेक्षा बरीच कमी आहे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र कामाला लागण्याचे आहे. माझ्या धाकट्या बहिणीला अठराव्या वर्षी हॉजकिन झाला होता आणि तिच्या छातीवर किरणोपचार झाले होते. तिची मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) सव्विसाव्या वर्षी सुरू व्हायला हवी होती. ती आम्ही एकतिसाव्या वर्षी सुरू केली, कारण हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तिच्या नशिबाने काही निघाले नाही. त्यानंतर इंदुरातल्या ओळखीच्या अनेक घरांच्या फाइली लावताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. ज्यांचे उपचार संपलेले आहेत आणि ज्यांना सध्या आजार नाही, त्यांच्यासाठी तो आहे. यातला प्रत्येक निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यायचा आहे. त्यांना नेमके काय विचारायचे, ते मात्र आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

टप्पा १ : उपचारांचा पूर्ण हिशेब कागदावर आणा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि पुढचे सगळे टप्पे याच टप्प्यावर उभे आहेत. "केमो झाली आणि सिकाई (म्हणजे किरणोपचार) झाली" एवढ्या माहितीवर कोणताही डॉक्टर धोका सांगू शकत नाही. कोणते औषध, एकूण किती, किरण शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती मात्रेने, हे कळल्याशिवाय कोणती तपासणी कोणत्या वयात करायची ते ठरत नाही.

पहिले काम म्हणजे उपचार कुठे कुठे झाले त्याची यादी करणे. आपल्याकडे अनेकांची केमो इंदुरात एम.वाय. या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात झालेली असते, किरणोपचार परळला टाटा रुग्णालयात झालेले असतात आणि गाठीची बायोप्सी तिसऱ्याच ठिकाणी. प्रत्येक ठिकाणची कागदपत्रे वेगळी मागावी लागतात. एकाच रुग्णालयातसुद्धा किरणोपचार विभागाची नोंद मुख्य फाइलपासून वेगळी ठेवलेली असू शकते, आणि डिस्चार्ज कार्डावर तिचा उल्लेख केवळ "आरटी दिली" एवढाच सापडतो.

दुसरे काम रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देणे. अर्जात रुग्णाचे पूर्ण नाव, केस नंबर आणि उपचारांचा कालावधी लिहावा, ओळखपत्राची प्रत जोडावी, आणि दुसरे कोणी जाणार असेल तर रुग्णाच्या सहीचे अधिकारपत्र सोबत द्यावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. मात्र त्याच नियमांत भरती रुग्णांच्या नोंदी जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांची आहे. पुष्कळ रुग्णालये त्याहून जास्त काळ कागद ठेवतात. पण जे आज मिळेल ते पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.

सावधान : तोंडी विचारणा करून परत येऊ नका. आमच्या बहिणीच्या वेळी एका रुग्णालयात खिडकीवर "जुने कागद नाहीत" असे दोनदा सांगितले गेले. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतल्यावर तेच कागद तळघरातून निघाले. त्यात चार महिने गेले.

तिसरे काम मिळालेल्या कागदांवरून एका पानाचा सारांश तयार करणे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

• आजाराचे नेमके नाव, आजाराचा टप्पा (स्टेज), बायोप्सीची तारीख आणि तिचा नंबर.
• उपचार सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, आणि त्या वेळचे वय.
• केमोच्या पद्धतीचे नाव, किती सायकल झाल्या, आणि प्रत्येक औषधाची एकूण मात्रा.
• किरणोपचाराचा भाग, एकूण मात्रा, किती दिवस, कोणत्या तारखांना.
• अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपण झाले असल्यास त्याचा प्रकार आणि तारीख.
• पुन्हा आजार उलटला असल्यास त्या वेळचे उपचार वेगळे लिहून.

एकूण मात्रा काढणे अवघड नाही. आर-चॉप या केमोच्या पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड दर सायकलला शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ७५० मिलिग्रॅम आणि डॉक्सोरुबिसिन ५० मिलिग्रॅम असते. सहा सायकल पूर्ण झाल्या असतील तर ती अनुक्रमे ४,५०० आणि ३०० होतात. हॉजकिनसाठीच्या एबीव्हीडी या पद्धतीमध्ये डॉक्सोरुबिसिन दर सायकलला २५ मिलिग्रॅम दोनदा दिले जाते, म्हणून सहा सायकलचे तिथेही ३०० भरतात. एखाद्या सायकलमध्ये मात्रा कमी केली असेल तर फाइलमध्ये तसे लिहिलेले असते. तो फरक धरूनच बेरीज करावी आणि शेवटी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एक म्हणजे तेच औषध दोन नावांनी लिहिलेले असते : एड्रियामायसिन म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, आणि एंडोक्सन म्हणजेच सायक्लोफॉस्फामाइड. दोन्ही नावे वेगवेगळ्या कागदांवर दिसली की लोक ती दोन औषधे धरतात. दुसरा घोटाळा किरणांच्या एककाचा. हल्ली मात्रा ग्रेमध्ये लिहितात, पण जुन्या कागदांवर ती सेंटिग्रेमध्ये किंवा रॅडमध्ये असते. १ ग्रे म्हणजे १०० सेंटिग्रे, आणि १०० रॅडसुद्धा. तेव्हा "३६००" पाहून दचकू नये. ते ३६ ग्रे आहेत.

कागद खरोखरच नष्ट झाले असतील, तरी हात टेकू नयेत. औषधांच्या दुकानाची बिले, विम्याच्या दाव्याची प्रत, कार्यालयातून वैद्यकीय प्रतिपूर्ती घेतली असेल तर तिथली फाइल, गावच्या डॉक्टरांना लिहिलेले पत्र यांतून बरेच काही जुळवता येते. किरणोपचाराच्या वेळी छातीवर किंवा मानेवर गोंदलेले बारीक निळे ठिपके कित्येकांच्या अंगावर आजही असतात. ते किती मात्रा होती हे सांगत नाहीत, पण कोणत्या भागाची आखणी झाली होती याचा अंदाज जाणत्या किरणोपचारतज्ज्ञाला त्यांवरून येऊ शकतो.

तपासून पाहा : सारांशाचे पान कोणत्याही अनोळखी डॉक्टरांच्या हाती दिले, तर तुम्ही एक शब्दही न बोलता त्यांना "काय, कुठे, किती आणि कधी" या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात का? मिळत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २ : हिशेबावरून धोका कुठे आहे ते ओळखा

किरणोपचाराचा धोका किरण जिथून गेले त्या अवयवांना असतो. छाती आणि काख यांवर किरण दिले असतील तर स्तन आणि फुप्फुस, मानेवर दिले असतील तर थायरॉइड, पोटावर किंवा ओटीपोटावर दिले असतील तर मोठे आतडे आणि जठर. त्या भागावरच्या त्वचेलाही तो असतोच. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आत छातीवर किरण घेतलेल्या मुली आणि तरुण स्त्रिया या सर्वांत वरच्या गटात येतात, कारण त्या वयात स्तनाच्या पेशी किरणांना फार संवेदनशील असतात. जुन्या मॅन्टल पद्धतीत मान, दोन्ही काखा आणि छातीचा मधला भाग असे मोठे क्षेत्र घेतले जाई. १९९० च्या आधी उपचार झालेल्यांनी आपले क्षेत्र तेच होते का, हे मुद्दाम पाहावे.

केमोथेरपीचा धोका मुख्यतः रक्ताला असतो. सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन यांसारख्या औषधांनंतर अस्थिमज्जेचा आजार किंवा रक्ताचा कर्करोग झालाच तर तो बहुधा पाच ते दहा वर्षांत होतो. इटोपोसाइड आणि डॉक्सोरुबिसिन ज्या गटातली आहेत त्या औषधांनंतर एक ते तीन वर्षांत. मॉप किंवा सीओपीपी या केमोच्या जुन्या पद्धतींत हा धोका अधिक होता, एबीव्हीडीत तो बराच कमी आहे. सायक्लोफॉस्फामाइडची एकूण मात्रा मोठी असेल तर मूत्राशयाकडेही लक्ष ठेवावे लागते. स्वतःच्याच मूलपेशी परत देऊन प्रत्यारोपण झालेल्यांनी रक्ताच्या तपासणीत कधीही ढिलाई करू नये. कार-टी पेशींचे उपचार (रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशी, प्रयोगशाळेत बदलून परत देणे) आपल्या देशात २०२३ पासून उपलब्ध झाले आहेत. ते घेतलेल्यांनी आयुष्यभर पाठपुरावा ठेवायचा असतो, कारण त्यानंतर टी-पेशींचा कर्करोग झाल्याची काही उदाहरणे नोंदली गेली आहेत.

सावधान : छातीवर किरण आणि त्यासोबत तंबाखू किंवा विडी-सिगारेट, हे दोन धोके नुसते एकात एक मिळत नाहीत, एकमेकांना गुणतात. फुप्फुसाच्या बाबतीत हे पक्के ठाऊक आहे. धूम्रपान करणाऱ्याने आपल्या सारांशाच्या पानावर ते लपवू नये.

टप्पा ३ : कोणती तपासणी कधी सुरू करायची, ते वर्ष काढा

इथे लोक सर्वसाधारण नियम आपल्याला लावतात आणि फसतात. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते, ती चांगलीच आहे. परंतु तिथे स्तनाची तपासणी हाताने केली जाते. छातीवर किरण घेतलेल्या स्त्रीला ती पुरेशी नाही.

स्तन. लहानपणी किंवा तरुणपणी छातीवर १० ग्रे किंवा त्याहून जास्त किरण घेतलेल्या स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय सूचना अशी आहे : वय २५ पूर्ण होणे किंवा किरणोपचाराला ८ वर्षे पूर्ण होणे, या दोहोंपैकी जे नंतर येईल त्या वर्षापासून दरवर्षी मॅमोग्राफी आणि स्तनांचा एमआरआय. उदाहरणे घेऊन हे नीट समजून घ्यावे. चौदाव्या वर्षी किरण घेतले, तर आठ वर्षांनी बावीस होतात; पंचवीस नंतर येते, म्हणून सुरुवात पंचविसाव्या वर्षी. एकोणिसाव्या वर्षी घेतले, तर आठ वर्षांनी सत्तावीस. तेच नंतर येते, म्हणून सुरुवात सत्ताविसाव्या वर्षी. तिशीनंतर किरण घेतलेल्यांसाठी गणित निराळे आहे : चाळिसावे वर्ष किंवा उपचारानंतरची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सुरुवात करावी, आणि एमआरआयची गरज आहे का ते डॉक्टरांना विचारावे.

"मॅमोग्राफी नॉर्मल आली, मग एमआरआयचा खर्च कशाला?" हा प्रश्न दर घरात येतो. तरुण स्त्रीच्या स्तनातले ऊतक दाट असते, मॅमोग्राफीत ते पांढरे दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणून त्या वयात एकट्या मॅमोग्राफीवर विसंबून चालत नाही. उलट, काही सुरुवातीचे बदल बारीक चुन्याच्या कणांच्या रूपात फक्त मॅमोग्राफीतच दिसतात. म्हणून दोन्ही हव्यात. काही डॉक्टर दोन्ही एकाच वेळी करायला सांगतात, काही सहा-सहा महिन्यांच्या अंतराने; जी पद्धत ठरेल ती टिकवावी.

तारीख घेण्याआधी केंद्राला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : स्तनांच्या एमआरआयसाठी लागणारी खास कॉइल त्यांच्याकडे आहे का, तपासणी रंगद्रव्य देऊन होणार आहे का, आणि त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या तपासणीचा) अहवाल हवा का. सगळीकडे एमआरआयचे यंत्र असते, ती कॉइल नसते. पाळी येत असलेल्या स्त्रियांनी हा एमआरआय पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत करावा, अन्यथा संप्रेरकांच्या बदलामुळे खोटी शंका उभी राहते आणि सगळे घर आठवडाभर झोपत नाही. गरोदर असलेल्या किंवा बाळाला पाजणाऱ्या स्त्रीने आधी डॉक्टरांशी बोलून मगच तारीख ठरवावी.

मोठे आतडे. पोटावर किंवा ओटीपोटावर किरण झाले असतील तर वय ३० किंवा उपचारानंतर ५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा कोलोनोस्कोपीबद्दल विचारावे. ती साधारणपणे दर पाच वर्षांनी करतात.

थायरॉइड. दरवर्षी डॉक्टरांनी मान हाताने तपासावी. सोनोग्राफी कधी करायची ते त्यांनाच ठरवू द्यावे, कारण निरुपद्रवी बारीक गाठी फार जणांत असतात आणि त्यांच्यामागे धावताना विनाकारण शस्त्रक्रिया होतात. मानेवर किरण घेतलेल्यांत थायरॉइड मंदावणे मात्र सर्रास होते, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एकदा करावी.

रक्त. वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी आणि तिचे आकडे मागच्या वर्षीच्या शेजारी लिहावेत. एकटा अहवाल "नॉर्मल" असू शकतो आणि तरीही तीन वर्षांत प्लेटलेट्स हळूहळू उतरत आलेल्या असू शकतात. तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे अहवालातील एमसीव्ही, वाढत असेल तर आपल्याकडे लगेच बी-१२ ची इंजेक्शने सुरू होतात, कारण शाकाहारी घरांत ती कमतरता खरोखरच नेहमीची आहे. तरीसुद्धा आधी रक्तातील बी-१२ ची पातळी आणि रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा रक्ताचा नमुना) तपासून घ्यावी, मग औषध सुरू करावे, आणि डॉक्टरांना "पूर्वी केमो झाली आहे" हे आधी सांगावे.

फुप्फुस. कमी मात्रेचा सीटी सर्वांसाठी नाही. छातीवर किरण आणि दीर्घ धूम्रपान असे दोन्ही असणाऱ्यांनी त्याबद्दल विचारावे.

सावधान : दरवर्षी "एकदा पेट स्कॅन (पूर्ण शरीराची चित्रतपासणी) करून घेऊ" ही सर्वांत महागडी चूक आहे. लक्षण नसताना केलेल्या पेट-सीटीने शरीराला आणखी किरण मिळतात आणि साधी सूज किंवा जुनी क्षयाची गाठसुद्धा त्यात चमकते. स्तनातील, आतड्यातील किंवा रक्तातील सुरुवातीचा बदल शोधण्यासाठी ती तपासणी बनलेलीच नाही. तीच गोष्ट ट्यूमर मार्करच्या (कर्करोगाचे सूचक मानल्या जाणाऱ्या रक्ततपासण्यांच्या) पॅकेजची. ते नॉर्मल आल्याने काही सिद्ध होत नाही, आणि वर गेल्याने उगाच धावपळ होते.

टप्पा ४ : एक डॉक्टर आणि एक तारीख नेमा

इतक्या तपासण्या वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या, तर कोणाकडेच पूर्ण चित्र राहत नाही. म्हणून एका डॉक्टरांना मुख्य धरावे. ते कर्करोगतज्ज्ञच असले पाहिजेत असे नाही, जवळचे जाणते फिजिशियनसुद्धा चालतील, मात्र सारांशाचे पान त्यांच्याजवळ हवे आणि शंका आली तर कोणाकडे पाठवायचे ते त्यांनी आधीच ठरवलेले हवे. लहानपणी टाटा रुग्णालयात उपचार झालेल्यांसाठी तिथे उपचारोत्तर पाठपुराव्याचे स्वतंत्र क्लिनिक १९९१ पासून चालते; वर्षातून एकदा इंदूरहून मुंबईला अवंतिका एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून तिथे जाणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे.

तारीख ठरलेली नसली की वर्ष कसे निसटते ते मी पाहिले आहे. गणपतीत नको, पितृपक्षात दवाखान्याचे नाव नको, दिवाळी होऊ दे, मग लग्नसराई, मग मुलांच्या परीक्षा. शेवटच्या केमोची किंवा शेवटच्या किरणांची तारीख हीच दरवर्षीची तारीख धरावी आणि तिच्या आधीच्या महिन्यात सगळ्या वेळा घेऊन ठेवाव्यात. मागच्या एमआरआयची आणि मॅमोग्राफीची सीडी सोबत न्यावी, नुसता कागद नेऊ नये. तुलना चित्रांची होते, वाक्यांची होत नाही.

तपासून पाहा : अहवाल हाती आल्यावर तो डॉक्टरांना दाखवला का? तपासणी करून पाकीट न उघडता ठेवणारी घरे मी तीन पाहिली आहेत.

टप्पा ५ : घरी दर महिन्याला पाहायच्या गोष्टी

महिन्याचा एक ठरावीक दिवस धरून आंघोळीनंतर भरपूर उजेडात हे पाहावे. किरण दिलेल्या भागावरची त्वचा : नवा तीळ, रंग किंवा कडा बदललेला जुना तीळ, महिनाभर न भरणारी जखम. मान, काखा, जांघा आणि स्तन : नवी गाठ, ओढलेली कातडी, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव. तोंड : पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारे छाले, तोंड पूर्ण न उघडणे. या शेवटच्या लक्षणाकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होते. जेवणानंतरची सुपारी निरुपद्रवी आहे, असे समजणारी मंडळी घराघरांत आहेत. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि लिम्फोमातून उठलेल्या माणसाने ती पूर्ण सोडलीच पाहिजे.

लघवीतून न दुखता रक्त गेले, एकदाच गेले आणि थांबले, तरी ते सांगावे. "मूतखडा असेल" म्हणून पाणी पीत बसणे ही सायक्लोफॉस्फामाइड घेतलेल्या माणसाला परवडणारी गोष्ट नाही. शौचातून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त खोकला, बदललेला आवाज, विनाकारण उठणारे निळे डाग आणि वाढता थकवा हेसुद्धा त्याच यादीत घालावेत.

मुलींच्या आणि तरुण मुलांच्या बाबतीत एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू) लशीबद्दल कर्करोगतज्ज्ञांना विचारावे, आणि स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी नियमित ठेवावी.

टप्पा ६ : नवे काही आढळले, तर कामाचा क्रम

घाईत क्रम बिघडतो आणि मग दुरुस्त होत नाही, म्हणून हा टप्पा आधीच वाचून ठेवावा.

१. मुख्य डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा आणि सारांशाचे पान सोबत न्या.

२. त्यांनी सांगितलेली चित्रतपासणी करा. आपण होऊन पेट स्कॅनपासून सुरुवात करू नका.

३. बायोप्सी करून घ्या. लसिकाग्रंथीची गाठ असेल तर बारीक सुईची तपासणी पुरेशी नसते; गाठ काढून किंवा जाड सुईने तुकडा घेऊनच निदान पक्के होते.

४. नव्या बायोप्सीची काच आणि जुन्या बायोप्सीची काच एकाच पॅथॉलॉजिस्टने शेजारी ठेवून पाहावी, अशी विनंती करा. समोर जुना लिम्फोमा परत आलेला असू शकतो, तो वेगळ्या प्रकारात बदललेला असू शकतो किंवा पूर्ण निराळा कर्करोग असू शकतो. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

५. नव्या उपचारांची आखणी होत असताना जुन्या मात्रा डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्सोरुबिसिनचे हृदयावर दुष्परिणाम होतात, म्हणून त्याला आयुष्यभराची मर्यादा असते. ती साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरतात. ज्याचे ३०० आधीच झाले आहेत त्याच्याकडे फार थोडी जागा उरते. ज्या छातीवर एकदा किरण दिले तिथे पुन्हा तेवढेच देता येतील असेही नसते आणि त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णयसुद्धा बदलू शकतो.

सावधान : दोन गोष्टी बायोप्सीच्या आधी होऊ देऊ नका. पहिली, मानेत गाठ दिसली म्हणून अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करणे. आपल्या देशात क्षय खरोखर फार आहे, पण एकदा लिम्फोमा झालेल्या माणसाच्या गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय सहा महिने घालवणे धोक्याचे आहे. दुसरी, सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन किंवा दुसरे स्टेरॉइड घेणे. लिम्फोमाची गाठ स्टेरॉइडने काही दिवस आक्रसते, आराम वाटतो, आणि त्यानंतर घेतलेल्या तुकड्यातून निदान होईनासे होते.

टप्पा ७ : फाइल ज्याची त्याच्या हाती द्या

हा टप्पा वैद्यकीय वाटत नाही, पण याच्यावाचून आधीचे सगळे वाया गेलेले मी पाहिले आहे. लहानपणी उपचार झालेल्या कित्येक मुलांना आपल्याला काय झाले होते हेच नीट ठाऊक नसते. आईवडिलांनी "गाठ होती, काढली" एवढेच सांगितलेले असते. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला जवळ बसवून आजाराचे नाव, झालेले उपचार आणि पुढच्या तपासण्यांची वर्षे सांगावीत. काही घरांत आजार बरा झाल्यावर जुने कागद अपशकुनी समजून जाळतात किंवा रद्दीत घालतात. तसे कृपा करून करू नये.

मुलीच्या लग्नात हा आजार बहुधा लपवला जातो. ती देवासला, पुण्याला किंवा नागपूरला सासरी जाते, फाइल इंदुरात माहेरी राहते, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांपासून पुढच्या सर्वांना तिचा पूर्वेतिहास कोरा दिसतो. पंचविसाव्या किंवा सत्ताविसाव्या वर्षी सुरू व्हायच्या तपासण्या नेमक्या याच काळात येतात, आणि सासरी कारण न सांगता दरवर्षी एमआरआय करून घेणे कोणत्याही सुनेला शक्य नसते. लग्नाआधी हे दोन्ही घरांत मोकळेपणाने सांगितले जावे, असे माझे ठाम मत आहे. ते कोणाला जमत नसेल, तरी निदान नवऱ्याला आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पूर्ण माहिती असली पाहिजे.

सारांशाच्या पानाच्या तीन प्रती कराव्यात : एक रुग्णाजवळ, एक मुख्य डॉक्टरांकडे, एक माहेरी किंवा भावंडांकडे. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा, आणि चकचकीत थर्मल कागदावरची जुनी बिले व सोनोग्राफीची चित्रे उडून जाण्याआधी त्यांचेही फोटो काढावेत. प्रत्येक प्रतीच्या वर, सर्वांत ठळक अक्षरांत, पुढच्या तपासणीचे नाव आणि तिचे वर्ष लिहावे, आणि ती तपासणी झाली की त्याच दिवशी ते खोडून त्यापुढचे वर्ष लिहावे.